एकाच बाजूचा व्हॉल्व पुन्हा पुन्हा लाल का होतो? जुन्या गिटार अ‍ॅम्पमधील एका हट्टी दोषाचा माग

तक्रार बहुधा अशी असते. अ‍ॅम्प सुरू केल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास उत्तम वाजतो. त्यानंतर आवाज हळूहळू दबतो, सूर फाटू लागतात, आणि मागे वाकून पाहिले तर दोन आउटपुट व्हॉल्वांपैकी, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्यांपैकी, एकाची आतली करडी प्लेट मंद लाल दिसू लागलेली असते. तेवढ्यात बटण बंद केले नाही तर फ्यूज जातो. व्हॉल्वांची नवी जोडी बसवली की काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही सारे सुरळीत चालते, आणि मग पुन्हा तोच प्रकार, तोही त्याच बाजूला. मालक समजतो की हल्ली व्हॉल्वच निकृष्ट येतात, आणि तिसरी जोडी मागवतो. आमच्याकडे या प्रकाराला "रेड्याला दुखणे आणि पखालीला डाग" म्हणतात.

मी परभणीचा. वडील लग्नकार्याला आणि जत्रेला लाऊडस्पीकर भाड्याने देत, आणि त्या काळच्या त्यांच्या यंत्रांत ६एल६ किंवा ईएल३४ या व्हॉल्वांची जोडी असे. गिटारचा अ‍ॅम्प मी प्रथम उघडला तेव्हा आत परके असे काहीच आढळले नाही. पहिला व्हॉल्व गिटारचा क्षीण संकेत वाढवतो, पुढचा त्याचे उलटसुलट असे दोन भाग करतो, आणि शेवटची जोडी ते दोन भाग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांतून आलटून पालटून ओढते. वडिलांच्या यंत्रातही हेच होते. फरक एवढाच की तिथे आवाज फाटू नये म्हणून धडपड होती आणि इथे तो गोड फाटावा म्हणून आहे.

प्रस्तुत विवेचन दोन ६व्ही६ व्हॉल्व असलेल्या, कॅथोड बायसच्या (व्हॉल्वचा प्रवाह त्याच्या कॅथोडला, म्हणजे तापून प्रवाह सोडणाऱ्या भागाला, जोडलेल्या रेझिस्टन्सने आवरणाऱ्या) जुन्या अमेरिकी रचनेला धरून आहे. फेंडर या अमेरिकी कंपनीच्या १९५० च्या दशकातील डिलक्स अ‍ॅम्पचे ५ई३ हे सर्किट तिचा सर्वांत परिचित नमुना. नियम मात्र इतरत्रही तेच लागू पडतात. फेंडरच्या ५एफ६-ए बासमन सर्किटवरून जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी जेटीएम४५ हा अ‍ॅम्प तयार झाला, आणि व्हॉक्सच्या एसी३० या अ‍ॅम्पमध्ये चार ईएल८४ व्हॉल्व एकत्र बसवलेले असतात. या सगळ्यांत आउटपुट व्हॉल्व लाल होण्याची कारणे जवळपास सारखीच आहेत.

आधी जिवाची काळजी

या यंत्रात ३५० ते ४५० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते डीसी सपाट ठेवणाऱ्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरांत साठून राहते. म्हणून प्लग काढल्यावर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन केलेल्या तारांना जोडून, त्याद्वारे प्रत्येक फिल्टर कंडेन्सर चॅसीसकडे, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याकडे, रिकामा करावा आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे आणि कंडेन्सरलाही अपायकारक आहे. यंत्र चालू असताना मोजायचे झाल्यास मीटरची काळी तार चिमट्याने चॅसीसला लावून ठेवावी, लाल तार एकाच हाताने धरावी आणि दुसरा हात खिशात ठेवावा.

दुसरी गोष्ट अमेरिकी अ‍ॅम्पबाबत. ते ११७ व्होल्टचे असल्यामुळे आपण २३० वरून ११० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावतो, पण बाजारातील स्वस्त स्टेप-डाऊन बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे त्यांची दोन्ही बाजूंची वेटोळी एकमेकांना जोडलेलीच असतात. जुन्या अ‍ॅम्पला दोन पिनांचा प्लग असतो आणि वीजवाहिनी व चॅसीस यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर बसवलेला असतो. तो कंडेन्सर शॉर्ट झाला तर चॅसीसमध्ये वीज उतरते, आणि चॅसीसमार्फत गिटारच्या तारांतही. मापे घेण्याआधीच तीन पिनांची केबल बसवून चॅसीस पक्के अर्थ करावे आणि तो छोटा कंडेन्सर काढून टाकावा. जुनेपणाच्या प्रेमापायी हे काम टाळणारे संग्राहक मला भेटले आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण तसे यंत्र टेबलावर घेतही नाही.

तिसरी गोष्ट, स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व अ‍ॅम्प कधीही चालू करू नये. भाराविना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) त्याचे इन्सुलेशन फोडू शकतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च व्हॉल्वांच्या कितीतरी पट होतो.

लाल म्हणजे नेमके काय

हीटरची, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेची, नारिंगी झळाळी प्रत्येक निरोगी व्हॉल्वमध्ये असते, तिला घाबरण्याचे कारण नाही. काचेच्या आतील पृष्ठभागावर, आवाजाबरोबर हलणारी निळसर आभाही निरुपद्रवी असते. प्लेट आणि कॅथोड यांच्या मधल्या पोकळीत भरलेला जांभळट-गुलाबी प्रकाश मात्र आत वायू शिरल्याचे लक्षण आहे, आणि तो व्हॉल्व तत्काळ काढावा. आपल्या तक्रारीतील लाली यांपैकी कशातही मोडत नाही: प्लेटचा पत्राच, बहुधा मधल्या शिवणीजवळ, तव्यासारखा तापून लाल होतो. दिवसाच्या उजेडात ती लाली दिसत नाही, म्हणून खोली काळोखी करून पाहावे.

पत्रा लाल होतो याचा अर्थ त्याच्यातून झेपेल त्याहून अधिक प्रवाह जातो आहे. जुन्या माहितीपत्रकांत ६व्ही६ च्या प्लेटची उष्णतेची मर्यादा १२ वॅट दिलेली आहे. ५ई३ सारख्या रचनेत दोन्ही व्हॉल्वांचे कॅथोड एकाच २५० ओहमच्या रेझिस्टन्समधून चॅसीसला जातात, आणि त्या रेझिस्टन्सवर सुमारे २० व्होल्ट मिळाले तर दोघांचा मिळून प्रवाह ८० मिलिअ‍ॅम्पिअर होतो. त्यातला थोडा स्क्रीन या आतल्या जाळीतून जातो, तो वगळला तर एका प्लेटच्या वाट्याला सुमारे ३८ मिलिअ‍ॅम्पिअर येतात, आणि प्लेट-कॅथोडमधील ३४० व्होल्टांनी गुणल्यास जवळपास १३ वॅट होतात. म्हणजे ही रचना मुळातच काठावरून चालते. तिला बुडवायला फार पाणी लागत नाही.

हा प्रवाह ग्रिड, म्हणजे कॅथोडला लागून असलेली बारीक जाळी, ताब्यात ठेवते. जायकवाडीच्या कालव्यावर दार जितके खाली तितके पाणी कमी. तशी ग्रिड कॅथोडच्या मानाने जितकी ऋण, तितका प्रवाह कमी. कॅथोड २० व्होल्ट वर आहे आणि ग्रिड २२० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून चॅसीसला बांधलेली, म्हणजे शून्यावर आहे, तेव्हा ग्रिड उणे २० झाली; या ऋण दाबालाच बायस म्हणतात. ते दार कोणी नकळत वर उचलले, तर व्हॉल्व कितीही चांगल्या कारखान्याचा असो, तो लाल होणारच. तेव्हा शोध दार उचलणाऱ्याचा घ्यायचा आहे.

एक लाल की दोन्ही लाल

हा प्रश्न प्रथम विचारावा, कारण त्यावरून अर्धे यंत्र तपासण्याची गरज उरत नाही. दोन्ही व्हॉल्व लाल होत असतील तर कारण दोघांना सामाईक असलेल्या ठिकाणी आहे. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये दोषी पुष्कळदा कॅथोड रेझिस्टन्सला समांतर जोडलेला २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतो. मूळ कंडेन्सर २५ व्होल्टचा, त्यावर सतत २० व्होल्ट, आणि जागा त्या तापलेल्या रेझिस्टन्सच्या पोटाशी. तो शॉर्ट झाला की कॅथोड शून्यावर येतो आणि बायस उरतच नाही. त्याच्या जागी ५० किंवा १०० व्होल्टचा बसवावा आणि रेझिस्टन्सपासून बोटभर दूर ठेवावा.

डिलक्स रिव्हर्बसारख्या फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये ऋण दाब वेगळ्या छोट्या सर्किटमधून येतो आणि आउटपुट व्हॉल्वच्या ५ क्रमांकाच्या पिनेवर तो सुमारे उणे ३५ व्होल्ट असावा. तेथील रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा कंडेन्सर म्हातारा झाला की हा दाब ओसरतो आणि जोडीने लाली चढते. दोन्ही लाल असण्याच्या प्रकरणात बहुधा याहून अधिक शोधावे लागत नाही.

एकच लाल होत असेल तर काम खरे सुरू होते. अ‍ॅम्प बंद करून, थंड होऊ देऊन, दोन्ही व्हॉल्वांची आपसांत अदलाबदल करावी. लाली व्हॉल्वबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली तर व्हॉल्व दोषी आहे आणि पुढचे वाचण्याची आवश्यकता नाही. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर व्हॉल्व निर्दोष आहे. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता लोक जोड्यांवर जोड्या का घेतात, हे मला आजवर समजलेले नाही.

दोघांचा कॅथोड रेझिस्टन्स एकच असल्यामुळे आणखी एक फसवणूक होते. एक व्हॉल्व जास्त प्रवाह ओढू लागला की कॅथोडचा दाब थोडा वर जातो आणि त्यामुळे दुसरा व्हॉल्व गरजेपेक्षा थंड पडतो. कॅथोडवरचे एकत्रित माप २० ऐवजी २२ किंवा २३ दिसते, आणि मोजणारा "फारसा फरक नाही" म्हणून पुढे जातो. प्रत्यक्षात एकाच्या खांद्यावर दोघांचे ओझे असते. एसी३० मध्ये तर चारही ईएल८४ एकाच रेझिस्टन्सवर असल्यामुळे एकाचे बिघडणे इतर तिघांत आणखीनच विरघळून जाते. म्हणून प्रत्येक व्हॉल्वचा प्रवाह वेगळा दिसेल अशी सोय करावी: प्रत्येक कॅथोडच्या पिनेपासून निघणारी तार सोडवून मध्ये १ ओहमचा रेझिस्टन्स घालावा. त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअ‍ॅम्पिअर, मनातल्या मनात हिशेब होतो, आणि पुढे कधी मूळ रूपात आणायचे असल्यास रेझिस्टन्स काढता येतो.

थंड यंत्र खोटे बोलते

नांदेडहून एक तरुण गिटारवादक असाच अ‍ॅम्प घेऊन आला होता. त्याने वर्षभरात तीन जोड्या बदलल्या होत्या, आणि त्याआधी दोन ठिकाणी अ‍ॅम्प दाखवलाही होता. दोन्ही ठिकाणी सगळी मापे बरोबर आली होती, आणि त्यांची मापे चुकीची नव्हती. सकाळी नऊ वाजता, पंख्याखाली, चॅसीस पेटीबाहेर काढून, चालू केल्यापासून पाच मिनिटांत घेतलेली मापे माझ्याकडेही बरोबरच आली: संशयित बाजूच्या ग्रिडवर ०.१ व्होल्ट, म्हणजे व्यवहारात शून्य.

नंतर मी चॅसीस पेटीत परत बसवले, मागचा पत्रा लावला आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत यंत्र चालू ठेवून जेवायला गेलो. मे महिना होता. परभणीत बाहेर ४३ अंश असताना अ‍ॅम्पच्या पेटीत, तापलेल्या व्हॉल्वांच्या शेजारी किती असेल, याची कल्पना मीटरविनाही करता येते. चाळीस मिनिटांनी तीच ग्रिड ४.३ व्होल्ट धन दाखवत होती, आणि व्हॉल्वच्या शिवणीवर लाली उतरायला लागली होती.

कारण होते कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या व्हॉल्वची प्लेट आणि आउटपुट व्हॉल्वची ग्रिड यांच्यामधला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. याच्या एका टोकाला सुमारे २०० व्होल्ट डीसी असतात आणि दुसऱ्या टोकाला शून्य हवे असते. संकेत जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा, एवढेच याचे काम. जुने कागदी कंडेन्सर मेण किंवा प्लास्टिकच्या आवरणातून वर्षानुवर्षे दमटपणा शोषतात आणि त्यांच्यातून डीसी झिरपू लागतो. तापमान वाढले की हे झिरपणे झपाट्याने वाढते. झिरपण्याचा रेझिस्टन्स १० मेगओहम झाला, तर २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टन्सवर २०० व्होल्टांतून बरोबर ४.३ व्होल्ट पडतात. उणे २० ची ग्रिड उणे पंधरा-सोळावर आली की काठावरचा व्हॉल्व तोल गमावतो.

मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर असा कंडेन्सर पुष्कळदा निर्दोष दिसतो, कारण मीटर त्याला एक-दोन व्होल्टांनीच विचारतो आणि दोष २०० व्होल्टांना उघडा पडतो. साध्या कपॅसिटन्स मीटरवरही ०.१ ची किंमत जवळपास बरोबर येते. म्हणून परीक्षा खऱ्या दाबाखालीच घ्यावी लागते, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही.

प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, संशयित कपलिंग कंडेन्सरचे फक्त ग्रिडकडचे टोक सोल्डरमधून सोडवावे आणि हवेत मोकळे ठेवावे. त्याला मीटरची लाल तार चिमट्याने जोडावी, काळी तार चॅसीसला, आणि पट्टी डीसी व्होल्टवर ठेवावी. ग्रिड रेझिस्टन्स जागेवरच असल्यामुळे व्हॉल्वचा बायस शाबूत राहतो. आता यंत्र चालू करावे. चांगला कंडेन्सर सुरुवातीला एक उसळी दाखवतो आणि काही सेकंदांत जवळपास शून्यावर येतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स बहुधा १० मेगओहम असल्यामुळे ही परीक्षा फार तिखट आहे: सर्किटमध्ये ४.३ व्होल्ट देणारा १० मेगओहमचा गळका कंडेन्सर इथे तब्बल १०० व्होल्ट दाखवतो. नांदेडच्या अ‍ॅम्पमध्ये थंड असताना ४ व्होल्ट आले. तेही खरे तर पुरेसे दोषपत्र होते, पण खात्रीसाठी केस वाळवण्याचा ड्रायर वीतभर अंतरावरून त्या एका कंडेन्सरवर धरला, आणि आकडा डोळ्यांदेखत चढत शंभराच्या पुढे गेला. शेजारच्या दुसऱ्या कंडेन्सरवर हेच केले असता तो जेमतेम हलला.

तो दुसरा का हलला नाही, याचे उत्तर सर्किटमध्येच आहे आणि ते जाणून घेतल्यास पुढच्या वेळी अर्धा तास वाचतो. ५ई३ मध्ये संकेताचे दोन भाग करणारा व्हॉल्व एका बाजूचा संकेत आपल्या प्लेटवरून देतो आणि दुसऱ्या बाजूचा कॅथोडवरून. प्लेटवर सुमारे २०० व्होल्ट असतात, पण कॅथोडवर साधारण ५०. म्हणजे सारख्याच वयाच्या दोन कंडेन्सरांपैकी एक आयुष्यभर चौपट दाब अडवत आला. "नेहमी तीच बाजू का?" या मालकाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. बासमन किंवा मार्शलच्या पद्धतीत दोन्ही बाजूंचे संकेत प्लेटवरूनच निघतात, तेव्हा तिथे असा पक्षपात नसतो आणि दोन्ही कंडेन्सर सारख्याच संशयाने तपासावेत.

बदलताना दोन्ही एकदमच बदलावेत, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, ०.१ मायक्रोफॅरड आणि ६३० व्होल्टचे. दुकानदार ४०० व्होल्टचा पुढे करतो आणि "दोनशेच तर आहेत" असे आपणही म्हणतो, परंतु ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व काही सेकंदांत तापतो आणि बाकीच्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर कोणीच प्रवाह ओढत नसल्यामुळे त्या प्लेटवर दोनशे नव्हे, चारशेच्या वर व्होल्ट उभे असतात. हे प्रत्येक वेळी चालू करताना घडते. काढलेले जुने कंडेन्सर फेकू नयेत. पाकिटात घालून पेटीच्या आत चिकटवून ठेवावेत, पुढे संग्राहकाला अ‍ॅम्प विकताना ते उपयोगी पडतात.

कंडेन्सर बदलूनही लाली राहिली तर

मग संशय सॉकेटवर. ६व्ही६, ६एल६ आणि ईएल३४ या सर्वांत ग्रिडची पिन ५ क्रमांकाची आहे, ईएल८४ मध्ये २ क्रमांकाची. अ‍ॅम्प टेम्पोत घालून परभणी, जिंतूर, हिंगोली असा फिरवला, तर आपल्या रस्त्यांवर त्या पिनेची पकड सैल होणे अगदी स्वाभाविक आहे. ग्रिडचा चॅसीसशी संबंध क्षणभर जरी तुटला, तरी दाराला धरणारे कोणी उरत नाही आणि व्हॉल्व काही सेकंदांत लाल होतो. ही लाली अचानक येते, टपली मारल्यावर जाते. कंडेन्सरची लाली सावकाश चढते. प्लग काढलेला असताना, बारीक सुईने सॉकेटच्या आतील पकड आवळावी आणि पिनेवरचे सोल्डर नव्याने वितळवून घ्यावे.

त्यानंतर ग्रिडचा २२० किलोओहमचा रेझिस्टन्स मोजावा. जुने कार्बन रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात, आणि मागच्या कोणी दुरुस्ती करणाऱ्याने हाताशी होता म्हणून तिथे १ मेगओहम बसवल्याचेही मी पाहिले आहे. ६व्ही६ साठी कॅथोड बायसमध्ये ग्रिडच्या वाटेत जास्तीत जास्त अर्धा मेगओहम आणि फिक्स्ड बायसमध्ये फक्त १०० किलोओहम चालतो, असे माहितीपत्रक सांगते. त्यापेक्षा जास्त ठेवला तर ग्रिडमधून निघणारा सूक्ष्म प्रवाहच तिला धन करतो, ती तापते, प्रवाह आणखी वाढतो, आणि चक्र आपणहून फिरू लागते.

लाली उन्हाळ्यात न येता श्रावण-भाद्रपदात येत असेल तर गोष्ट निराळी. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये सुटे भाग काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असतात, आणि ही पट्टी दमट हवेत पाणी शोषून किंचित वाहक होते. मग कंडेन्सर निर्दोष असूनही शेजारच्या खिळ्यावरचे २०० व्होल्ट पट्टीतूनच ग्रिडच्या खिळ्यापर्यंत झिरपतात. मीटरची लाल तार पट्टीच्या मोकळ्या जागेवर, जिथे काहीच जोडलेले नाही तिथे, टेकवून पाहावी. तिथे व्होल्ट दिसले तर पट्टी गळकी आहे. तिला ड्रायरने हलके वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. एवढ्याने भागले नाही, तर ग्रिडकडचा जोड पट्टीवरून उचलून हवेत करावा. दिसायला ते ओबडधोबड, पण पुढच्या पावसाळ्यात शांत झोप लागते.

वीजपुरवठ्याविषयी थोडे

वीज हे एका बाजूच्या लालीचे कारण नसते, पण काठावरच्या व्हॉल्वला ती ढकलते. ११० व्होल्टचा स्टेप-डाऊन स्थिर दाब देत नाही, स्थिर प्रमाण देतो. रात्री शेतीपंप बंद झाल्यावर घरात २६० व्होल्ट चढले तर अ‍ॅम्पला १२४ मिळतात, हीटर ६.३ ऐवजी ६.७ च्या आसपास जातो, जे अद्याप मर्यादेत आहे, परंतु प्लेटचे ३६० व्होल्टही त्याच प्रमाणात ३८० च्या वर जातात. दिवसा १८० पर्यंत उतरले तर हीटरला ४.६ व्होल्टच मिळतात आणि आवाज मलूल होतो. अनेकांना तो मलूलपणा व्हॉल्व संपल्याचे चिन्ह वाटते. चांगला स्टॅबिलायझर आधी आणि स्टेप-डाऊन त्यानंतर, अशी जोडणी ठेवावी. इंग्लंडमध्ये बनलेल्या अ‍ॅम्पवर दाब निवडण्याची चकती असते; ती २४५ वर ठेवलेली आपल्याकडे हिताची.

अमेरिकी ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. स्टेप-डाऊन दाब बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे तितक्याच दाबाला गाभ्यातील चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देण्याइतका तापू शकतो. ती उष्णता त्याच पेटीत, त्याच कंडेन्सरांवर साचते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅम्प सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये जोडलेल्या बल्बमार्फत, लावावा, आणि बल्ब तारेचाच हवा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर थेट विजेवर घ्यावा. फ्यूजच्या जागी जाडी तार गुंडाळणे ही आपल्याकडची सवय इथे ट्रान्सफॉर्मर जाळते.

नांदेडच्या अ‍ॅम्पला मी नवे कंडेन्सर आणि कॅथोडचे १ ओहम घालून दुपारी दोन ते चार, मागचा पत्रा लावून, त्याच खोलीत चालवले. दोन तासांनंतर दोन्ही ग्रिड शून्यावर होत्या. जुन्या, "गेलेल्या" म्हणून ठेवलेल्या सहा व्हॉल्वांची पिशवी तो बरोबर घेऊनच आला होता. ते मी एकेक करून चढवून पाहिले. त्यांपैकी तीन लाल बाजूला राबून थकले होते आणि त्यांचा प्रवाह वीस मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर चढेना. उरलेले तीन, जे दरवेळी केवळ जोडीतले म्हणून उतरवले गेले होते, धडधाकट निघाले. त्यांतले ३७ आणि ३९ मिलिअ‍ॅम्पिअरचे दोन अ‍ॅम्पमध्येच ठेवले, तिसरा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला, आणि चौथ्या जोडीची मागणी त्याने माझ्यासमोरच फोनवर रद्द केली.